पीचची कोय आणि किनवटची चारोळी

(किनवट येथे तालुक्यातील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व विस्तार कर्मचारी यांच्या एकत्रित बैठकीत एका सेवानिवृत्त शिक्षकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आजच्या बैठकीत मी वृक्षलागवडीवर बोलावे अशी सूचना होती. परंतु वृक्षलागवडीवर भाषणे आपण पुष्कळ ऐकली आहेत. म्हणून मी एका लहानशा प्रश्नापासून आरंभ करतो. आपल्याच तालुक्यातील एक शिक्षिका मागे उन्हाळ्याच्या सुटीत हिमाचल प्रदेशात जाऊन आल्या. तेथे त्यांनी पीच हे फळ खाल्ले. उत्तरेत त्याला आडू म्हणतात. फळ आवडले म्हणून त्यांनी पाच-सहा कोयी रुमालात बांधून आणल्या आणि जुलैमध्ये शाळेच्या आवारात मुलांच्या हातून लावल्या. पावसाळा संपला, दिवाळी झाली, तरी एकही कोय उगवली नाही. मुलांनी विचारले, "बाई, खोट मातीत आहे की कोयीत?" बाईंनी तो प्रश्न माझ्याकडे पाठविला.

प्रश्न मुलांचा असला तरी तो साधा नाही. त्याचे उत्तर शोधू लागलो की आपण हिमालयातून निघून थेट आपल्या डोंगरातील चारोळीच्या झाडाखाली येऊन पोहोचतो. तो प्रवास आज आपणांबरोबर करावा असा माझा विचार आहे.

कोय थंडीची वाट पाहते

प्रथम पीचविषयी. लिनियस या शास्त्रज्ञाने या झाडाला जे नाव दिले त्याचा अर्थ 'इराणचे' असा होतो, कारण युरोपात ते इराणमार्गे गेले. प्रत्यक्षात ते मूळचे चीनचे. तेथे उन्हाळ्यात फळ पिकते, गळते आणि कोय जमिनीवर पडते. ती कोय पडताच उगवली असती तर कोवळे रोप पुढील हिमात मेले असते. म्हणून निसर्गाने तिच्यात एक कुलूप घातले आहे. ओल्या मातीत, २ ते ५ अंश सेल्सिअस इतक्या थंडीत, दोन ते चार महिने काढल्याखेरीज आतला गर्भ जागा होत नाही. थंडीचे इतके दिवस भरले म्हणजे हिवाळा सरला, आता वसंत आला, हे जणू तिला कळते.

ज्यांना पीचची रोपे करावयाची असतात ते लोक कोयी ओलसर वाळूत घालून शीतपेटीत ठेवतात आणि मग पेरतात. कोणी कवच फोडून व बीवरील साल काढून थंडीशिवायच गर्भ उगवू पाहिला, तर तो उगवतो खरा, पण रोप खुजे राहते. पेरे वाढत नाहीत. म्हणजे कुलूप फोडले तरी थंडीची उणीव झाड विसरत नाही.

बाईंच्या कोयी जुलैत लावल्या गेल्या. किनवटची माती उबदार, ओली. कोयींना थंडी मिळालीच नाही. खोट मातीत नव्हती आणि कोयीतही नव्हती. कोय आपल्या देशाच्या ऋतूप्रमाणे वागली, एवढेच.

शीतपेटीचा उपाय करून रोप मिळविता येईल. परंतु पुढे दुसरी अडचण आहे. पीचच्या कळ्यासुद्धा थंडीचे तास मोजतात. सुमारे ७ अंशांखालील थंडी काही जातींना शेकडो तास, तर काहींना हजाराच्या आसपास तास लागते. ती न मिळाल्यास कळ्या नीट फुटत नाहीत. थोड्या थंडीवर भागणाऱ्या जाती पंजाबच्या मैदानात लावल्या जातात. पण पंजाबची थंडी आणि आपली थंडी यांतही मोठे अंतर आहे. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडून पुढे जातो आणि हिवाळा पाहुण्यासारखा येऊन जातो, तेथे पीचची बाग उभी करा असे मी कोणास सांगणार नाही.

थंडी सोसणारे झाड कसे मिळाले

तरीही पीचच्या इतिहासात आपल्या उपयोगाची एक गोष्ट आहे. पीच हे थंडी मागणारे झाड असले तरी अतिथंडीत त्याच्या फुलकळ्या मरतात. अमेरिकेच्या ईशान्य भागात न्यू हॅम्पशायर हे राज्य आहे. तेथील कडक हिवाळ्यात पीचचे पीक भरवशाचे नसे. तेथील विद्यापीठाच्या प्रयोग केंद्रात एल्विन मीडर यांनी काम करून १९६४ मध्ये 'रिलायन्स' नावाची जात दिली. रिलायन्स म्हणजे भरवसा. कडक थंडीनंतरही फळ धरणारी जात म्हणून ती प्रसिद्धीस आली.

अशा कामाची रीत सांगावयास सोपी, करावयास कठीण. बियांपासून पुष्कळ रोपे वाढवावयाची, हिवाळ्याने त्यांची परीक्षा घ्यावयाची, जी टिकतील व चांगले फळ देतील ती ठेवावयाची. येथे बियांपासून रोप करण्याचे महत्त्व ध्यानात येते. कलम हे आईचेच रूप असते. त्यात नवे काही नसते. बियांपासून आलेली भावंडे मात्र एकासारखी एक नसतात. त्यांतले एखादे थंडी अधिक सोसते, एखादे उन्हाळा अधिक सोसते. शास्त्रज्ञाने नवे झाड घडविले असे आपण म्हणतो. पण निवड ऋतूने केलेली असते आणि माणसाने ती डोळे उघडे ठेवून पाहिलेली असते.

आपल्या मराठवाड्यातही हे घडले आहे. बालाघाटच्या डोंगरात सीताफळ बियांपासूनच पसरले. त्या रानातील झाडांतून निवड करून अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्राने 'धारूर-६' ही जात पुढे आणली. धारूर हे आपल्या ओळखीचे गाव. म्हणजे चांगले झाड परदेशातूनच यावे लागते असे नाही. ते आपल्या बांधावर, आपल्या डोंगरात उभे असते. आपण त्याच्याकडे नीट पाहिलेले नसते.

आपल्या रानातील कठीण कवचाचे फळ

आता किनवटकडे येऊ. १९५६ पर्यंत हा तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेनंतर तो नांदेड जिल्ह्यात आला. जिल्हा बदलला, राज्य बदलले, परंतु रान तेच राहिले. पैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे आणि तेलंगणाच्या सीमेपर्यंत सागाचे, मोहाचे, टेंभुर्णीचे, बिब्ब्याचे आणि चाराचे रान आहे. गोंड, कोलाम, परधान, आंध आणि बंजारा समाजांच्या कितीतरी पिढ्या या रानाच्या आधाराने जगल्या.

चार हे फळ. त्याच्या बीतील दाणा म्हणजे चारोळी. श्रीखंडावर, बासुंदीत, करंजीच्या सारणात आपण ती घालतो. आंबा, काजू, बिब्बा आणि चार ही एकाच कुळातील झाडे होत. चाराच्या दाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असते आणि प्रथिनेही भरपूर असतात. पीचच्या कोयीतील दाणा मात्र खाऊ नये, कारण त्यातून पोटात विषारी द्रव्य तयार होते. शिक्षकांनी हा फरक मुलांना अवश्य सांगावा. मुले कोणतीही कोय फोडून पाहतात.

माघ-फाल्गुनाच्या सुमारास चाराला पांढुरका मोहोर येतो, त्यावर मधमाश्या व इतर कीटक येतात आणि एप्रिल-मेमध्ये फळे काळी पडून पिकतात. आजूबाजूचे शेत तेव्हा रिकामे असते, हाताला काम नसते. अशा दिवसांत मोहाची फुले, तेंदूपाने आणि चार यांवर घर चालते. स्त्रिया फळे गोळा करतात, रात्रभर भिजवितात, चोळून गर काढतात, बिया उन्हात वाळवितात. काही घरी जात्यावर कवच फोडून दाणा काढला जातो. पुष्कळ ठिकाणी बियाच व्यापाऱ्याला दिल्या जातात. मध्य भारताच्या अनेक भागांत एके काळी चारोळी मिठाच्या बदल्यात दिली जात असे. मिठाच्या भावाने दिलेला तो दाणा शहरात मेव्याच्या भावाने विकला जाई, हे आपण विसरता कामा नये.

झाडे विरळ का झाली

जुन्या माणसांना विचारा. ते सांगतील, पूर्वी अमुक टेकडीवर चाराची झाडे दाट होती, आता शोधावी लागतात. याची कारणे गूढ नाहीत.

पहिले कारण घाईचे. आपण थांबलो तर दुसरा तोडून नेईल, या भीतीने फळ हिरवे असतानाच तोडले जाते. हिरव्या फळाच्या बीत दाणा भरलेला नसतो. त्याला भाव कमी मिळतो आणि ती बी उगवतही नाही. म्हणजे आजचा पैसाही गेला आणि उद्याचे झाडही गेले.

दुसरे कारण कुऱ्हाडीचे. उंच फांदीवरची फळे काढण्याऐवजी फांदीच तोडली जाते, कधी झाडही पाडले जाते. तिसरे कारण आगीचे. मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून खालचा पाला पेटविला जातो. ती आग पसरते आणि गेल्या वर्षी उगवलेले बोटभर रोप त्यात जळून जाते. चौथे कारण चराईचे. आगीतून वाचलेले रोप शेळीच्या तोंडी जाते.

पाचवे कारण मात्र आपल्या ध्यानात सहसा येत नाही. चार हे असे वनोपज आहे की त्यात आपण बीच विकतो. मोहाची फुले वेचली तर झाडावर टोळंबी राहते. तेंदूचे पान तोडले तर बी राहते. चाराची मात्र बी हाच माल. अस्वल, वानर आणि पक्षी फळ खातात तेव्हा बी रानातच कोठेतरी पडते. माणूस फळ गोळा करतो तेव्हा बी पोत्यात जाते. दर वर्षी रानातील सारी बी पोत्यात गेली तर नवे रोप येणार कोठून?

मी हे सांगतो ते गोळा करणाऱ्यांवर दोष ठेवण्यासाठी नव्हे. ज्याच्या घरी मे महिन्यात धान्य संपलेले असते त्याला पुढील वीस वर्षांचा विचार कर असे सांगणे सोपे, पण ते न्याय्य नाही. घाई ही भुकेची आणि अविश्वासाची असते. म्हणून उपायही एकट्या माणसाने करावयाचा नाही, गावाने मिळून करावयाचा आहे.

माझी चूक

रोपे कशी करावी हे सांगण्यापूर्वी मी स्वतः केलेली चूक सांगतो. अनेक वर्षांपूर्वी मी शाळेच्या मागे चाराची रोपवाटिका करावयाचे ठरविले. बिया बाजारातून आणल्या. त्या आदल्या वर्षीच्या होत्या, पण मला ते महत्त्वाचे वाटले नाही. ज्वारीचे बियाणे वर्षभर राहते, तसेच हेही राहील असे वाटले. जूनमध्ये वाफे केले, मुलांनी पाणी घातले. बोटांवर मोजण्याइतकीही रोपे आली नाहीत. मुलांचा हिरमोड झाला आणि माझाही.

शाळेजवळ राहणारी एक कोलाम आजी हे पाहत होती. ती म्हणाली, "गुरुजी, ही दुकानातली बी. पार वाळलेली. ही नाही उगवायची. पावसाच्या आधी झाडाखालची पिकली बी आणा." पुढील वर्षी मी तसे केले. या खेपेस रोपे आली, तरी थोडीच, कारण कवच कठीण होते. तिसऱ्या वर्षी कवच फोडून पेरले, तर कवचाबरोबर दाणेही ठेचले गेले आणि त्यांना बुरशी लागली. हात बसावयास चौथे वर्ष उजाडले. पुस्तकातील कृती आणि हातातील कृती यांत एवढे अंतर असते.

आजीचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. पीचचे फळ हिवाळ्याच्या कितीतरी आधी पिकते, म्हणून त्याच्या बीला थांबावे लागते. चाराचे फळ पावसाच्या तोंडावर पिकते. त्याच्या बीला थांबण्याचे कारणच नाही. पहिला पाऊस हीच तिची संधी. म्हणून ती फार काळ टिकण्यासाठी घडलेलीच नाही. दाणा तेलकट असल्यामुळे साठवणीत लवकर खवट होतो. एका बीला वाट पाहू द्यावी लागते, दुसरीला वाट पाहू देऊन चालत नाही. दोन्ही बिया आपापल्या ऋतूशी इमान राखतात.

रोपे करण्याची रीत

आता प्रत्यक्ष रीत क्रमाने सांगतो. शिक्षकांनी ती लिहून घ्यावी.

एक : मातृवृक्ष आधी निवडावा. जे झाड निरोगी आहे, बहुतेक वर्षी फळते, ज्याचे फळ व दाणा मोठा आहे, जे आगीतून व अवर्षणातून वाचले आहे, अशा झाडाला खूण करावी. एकाच झाडाची बी घेऊ नये. निरनिराळ्या झाडांची घ्यावी, म्हणजे रोपांत विविधता राहील.

दोन : पूर्ण काळे, पिकलेले फळ घ्यावे. भिजवून, चोळून गर काढावा आणि बी स्वच्छ धुवावी. गर राहिल्यास बुरशी लागते. बी पाण्यात टाकावी. तरंगणारी पोकळ समजून वेगळी करावी. तळाशी बसणारी ठेवावी व सावलीत सुकवावी. कडक उन्हात वाळवू नये.

तीन : बी शक्य तितक्या लवकर, त्याच पावसाळ्याच्या आरंभी पेरावी. पेरण्यापूर्वी एक दिवस पाण्यात भिजवावी. चाराच्या बीचे कवच दोन शिंपल्यांसारखे जोडलेले असते. बी काठावर उभी धरून शिवणीवर हलका ठोका द्यावा, म्हणजे कवचाला चीर पडते. एवढे पुरे. दाणा बाहेर काढण्याची आवश्यकता नाही. ठोका जोराचा बसल्यास दाणा दुखावतो आणि मातीत कुजतो. आरंभी जुन्या, टाकाऊ बियांवर हात बसवावा.

चार : चाराचे सोटमूळ झपाट्याने खोल जाते. म्हणून पिशवी रुंद असण्यापेक्षा उंच असावी. माती, वाळू व चांगले कुजलेले शेणखत यांचे मिश्रण भरावे, तळाशी छिद्रे ठेवावीत. बी सुमारे दोन सेंटीमीटर खोल पेरावी. पाणी बेताने द्यावे. पिशवीत पाणी साचले की बी कुजते. चीर दिलेली ताजी बी साधारणपणे दोन ते तीन आठवड्यांत उगवू लागते. न फोडलेल्या बीला अधिक दिवस लागतात.

पाच : मूळ पिशवीबाहेर जमिनीत शिरू देऊ नये, अधूनमधून पिशव्या हलवाव्यात. पहिल्या उन्हाळ्यात सावली करावी. पुढील पावसाळ्याच्या आरंभी, मूळ न दुखावता, रोप खड्ड्यात लावावे. जेथे राखण करता येईल तेथे रोप लावण्याऐवजी खड्ड्यातच दोन-तीन बिया टोकल्या तरी चालते. त्यामुळे सोटमूळ अखंड राहते. बाग करावयाची असल्यास दोन झाडांत आठ ते दहा मीटर अंतर ठेवावे. आठ मीटरवर लावल्यास एकरी सुमारे ६० झाडे बसतात.

सहा : रोप लावल्यावर दोन-तीन वर्षे राखण करावी. चार सावकाश वाढतो. ही राखण नसेल तर आधीचे पाचही टप्पे वाया जातात, हे मी स्पष्टपणे सांगतो. लागवडीचा आकडा जुलैमध्ये लिहिला जातो; खरा आकडा तिसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात मोजावयाचा असतो.

बी की कलम?

येथे कोणी विचारील, की बियांपासून आलेले झाड फळावर येण्यास पुष्कळ वर्षे लागतात आणि ते आईसारखेच निघेल याचा भरवसा नाही. मग कलम का करू नये? प्रश्न रास्त आहे. चाराचे मृदुकाष्ठ कलम यशस्वी होते. गुजरातेत गोध्र्याजवळ वेजलपूर येथे केंद्रीय बागायती प्रयोग केंद्र आहे. तेथे चारावर काम झाले असून निवडीतून 'थार प्रिया' ही जात देण्यात आली आहे. स्वतःच्या शेताच्या बांधावर झाडे लावणाऱ्या शेतकऱ्याला कलम अधिक सोयीचे, कारण ते लवकर फळते व फळ एकसारखे मिळते.

परंतु कलमासाठी खुंट लागतो आणि खुंट बियांपासूनच येतो. शिवाय रानात आपल्याला एकसारखी झाडे नकोत. उद्या पाऊस ओढ देईल, उन्हाळा वाढेल, नवी कीड येईल. तेव्हा शंभर भावंडांतली काही तरी तग धरतील. म्हणून माझे मत असे आहे : बांधावर कलम, रानात बी. आणि रानातील बियांच्या झाडांतूनच उद्याच्या कलमासाठी चांगला मातृवृक्ष निवडावा. न्यू हॅम्पशायरच्या हिवाळ्याने पीचची परीक्षा घेतली. किनवटचा उन्हाळा चाराची परीक्षा दर वर्षी घेतच आहे. निकाल लिहून ठेवणारा कोणी हवा.

ग्रामसभेचे काम

आता पंचायत सदस्यांना काही सांगावयाचे आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला गौण वनोपजावरील मालकीचा आधार दिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क मान्य केला आणि सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण, पुनर्निर्माण व व्यवस्थापन करण्याचा हक्कही मान्य केला. चार हे गौण वनोपजच होय. म्हणजे केव्हा तोडावे, कसे तोडावे, किती ठेवावे, हे ठरविण्याचा मार्ग गावापुढे खुला आहे. हक्काच्या कागदावर अशा ठरावाची सही झाली तरच त्या कागदाला झाडाची सावली लाभेल.

मध्य भारतातील काही गावांत अक्षय्य तृतीयेपूर्वी चार तोडू नये असा संकेत होता. त्या संकेतामागे फळ पिकू द्यावे हाच हेतू. आपणही ग्रामसभेत चार ठराव करू शकतो. फळ काळे पडल्याखेरीज तोड सुरू करू नये व तोडीचा दिवस सर्वांनी मिळून ठरवावा. फांदी तोडू नये. आकडीच्या काठीने फळे उतरवावीत. प्रत्येक झाडाची काही फळे रानासाठी ठेवावीत आणि प्रत्येक घराने मूठभर पिकलेली बी गावाच्या रोपवाटिकेस द्यावी. मोहाखालचा पाला पेटविण्याऐवजी झाडून बाजूला करावा व आग लागल्यास सर्वांनी धावून जावे.

यांपैकी पहिला ठराव सर्वांत महत्त्वाचा आहे. सर्वजण थांबणार असे ठाऊक असेल तर प्रत्येकजण थांबतो. एकजण चोरून तोडू लागला की दुसऱ्या दिवशी सारे गाव हिरवे फळ तोडते. म्हणून हा ठराव कागदावर ठेवून भागणार नाही. तोडीच्या आधीच्या पंधरवड्यात पाळीने राखण ठेवावी लागेल.

भावाचाही प्रश्न आहे. केंद्र शासनाने २०१३-१४ मध्ये गौण वनोपजांसाठी किमान आधारभूत किमतीची योजना सुरू केली आणि तीत चाराच्या बियांचा समावेश केला. या योजनेखालील खरेदीची व्यवस्था आपल्या भागात वेळेवर व्हावी, तोडीपूर्वीच भाव फलकावर लिहिला जावा, यासाठी सरपंचांनी किनवटच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाशी चैत्रातच बोलावे. अधिकारी मित्रांनाही माझी विनंती आहे. खरेदी उशिरा सुरू झाली तर गरजू माणूस मिळेल त्या भावाने बी विकून मोकळा होतो. मग योजना कागदावर चांगली असूनही त्या घरापर्यंत पोहोचत नाही. बचत गटातील भगिनींना कवच फोडण्याचे साधे यंत्र मिळाले तर बी विकण्याऐवजी दाणा विकता येईल. दाण्याचा भाव आणि बीचा भाव यांतील अंतर गावातच राहील.

शाळेचे काम

शेवटी शिक्षकांसाठी. प्रत्येक शाळेने एक वही करावी. तिला मातृवृक्षांची वही म्हणावे. मुले आपल्या आजी-आजोबांना विचारून गावाच्या शिवारातील चांगल्या चाराच्या झाडांची नोंद करतील : झाड कोठे आहे, मोहोर केव्हा आला, फळ केव्हा काळे पडले, या वर्षी किती लागले, आग लागली होती काय. खर्च काही नाही. पाच वर्षांची अशी वही एखाद्या संशोधकाच्या हाती पडली तर तो ती आनंदाने वाचील. परभणीच्या कृषी विद्यापीठातील तज्ज्ञांना दाखविण्यासारखे काहीतरी आपल्या हाती असावे, मग मार्गदर्शन मागताना संकोच वाटत नाही.

मुलांनी दोन वाफे करावेत. एकात अखंड बी, दुसऱ्यात चीर दिलेली बी. कोणत्या वाफ्यात किती उगवली ते त्यांनीच मोजावे. आणि ज्या बाईंनी पीचच्या कोयी आणल्या त्यांना मी सुचविले, की उरलेली एक-दोन कोयी असतील तर ओल्या वाळूत घालून शीतपेटीत तीन महिने ठेवा. रोप आले तर मुलांना दिसेल, की ती कोय मेलेली नव्हती; तिला हवा असलेला ऋतू मिळाला नव्हता. त्या रोपाला आपल्या उन्हात फळ येईल अशी आशा मात्र मुलांना दाखवू नका. त्याच्या शेजारी चाराचे एक रोप लावा आणि दोघांची गोष्ट सांगा.

मित्रहो, परक्या फळाचे कौतुक करणे वाईट नाही. पण चाराचे झाड कोणी शेकडो कोसांवरून आणून दिले नसते तर आपण त्याला कुंपण घातले असते, पाणी घातले असते, त्याच्यापुढे फलक लावला असता. ते आपल्याच डोंगरात फुकट उभे आहे म्हणून आपण त्याची फांदी तोडतो. येत्या मे महिन्यात रानातले चार काळे पडू लागतील. तोपर्यंत आपापल्या ग्रामसभेत थांबण्याचा ठराव झालेला असावा, शाळेत उंच पिशव्या भरून ठेवलेल्या असाव्यात आणि पहिल्या पावसाच्या आत ताजी बी मातीत पडावी. एवढे काम या बैठकीतून झाले तर आपण येथे जमल्याचे सार्थक झाले असे मी मानीन.